आधी आटे मोजा

चाक थोडं बाहेर आलं की गाडी रुबाबदार दिसते, यात शंका नाही. मडगार्डच्या आत खोल दबलेलं चाक आणि मडगार्डच्या कडेशी अगदी बरोबर आलेलं चाक, दोन्हींतला फरक गाड्यांची आवड नसलेल्या माणसालाही कळतो. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलात, तर हा फरक तासाभरात करून देणारे भेटतील. हब आणि रिम यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती घालायची, नट आवळायचे आणि गाडी बाहेर काढायची. या चकतीला स्पेसर म्हणतात. ती बसवायची की नाही, बसवायची तर कोणती आणि कशी, हे त्या तासाभराआधी तुम्ही स्वतः समजून घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण दुकानातून गाडी बाहेर पडली की पुढची सगळी जोखीम तुमची, तुमच्या घरच्यांची आणि शेजारून स्कूटरवर चाललेल्या अनोळखी माणसाची असते.

सगळ्यात आधी स्वतःला विचारा, स्पेसर कशासाठी हवा आहे? काही कारणं खरी असतात. बाहेरून आणलेली अलॉय रिम आतल्या बाजूला ब्रेकच्या कॅलिपरला टेकते. रुंद टायर घातला की तो स्ट्रटला किंवा मागच्या पाट्यांना घासतो. जिम्नीला कंपनीकडून १९५/८० आर १५ मापाचा टायर येतो. हौशी मंडळी २३५/७५ घालतात आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो ॲक्सलला धरून ठेवणाऱ्या आर्मला घासू लागतो. अशा वेळी चाक थोडं बाहेर काढणं हा एक उपाय असू शकतो. स्पेसर ही वस्तू मुळात वाईट नाही. पोर्शेसारखी कंपनी स्वतःच्या गाड्यांसाठी ५ आणि १७ मिलिमीटरचे स्पेसर स्वतः विकते. जर्मनीतल्या एच अँड आर आणि आयबाख या कंपन्या टीयूव्ही या तपासणी संस्थेचा दाखला असलेले स्पेसर बनवतात. तिथे गाडी कोणती, रिम कोणती, जाडी किती आणि बोल्ट किती लांबीचा, हे सगळं कागदावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे बहुतेक वेळा नुसती चकती मिळते, कागद मिळत नाही.

पण कारण फक्त दिसण्याचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: स्पेसर बसवू नका. योग्य ऑफसेटची रिम घ्या. पैसे थोडे जास्त जातील, पण हब आणि रिम यांच्यामध्ये तिसरी वस्तू येणार नाही. ऑफसेट समजायला अवघड नाही. रिमच्या रुंदीची बरोबर मधली रेघ आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातलं मिलिमीटरमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. रिमच्या मागच्या बाजूला ‘ईटी ४५’ किंवा ‘ईटी ४०’ असं उमटवलेलं असतं. आकडा जितका मोठा, तितकं चाक आत. ईटी ४५ च्या रिममागे २० मिलिमीटरचा स्पेसर घातला की ती ईटी २५ सारखी बसते.

आता हा हिशेब पाहा. तुमची मूळ रिम ६ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. दुकानदार ७ इंच रुंद, ईटी ४० ची अलॉय देतो. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. ऑफसेट ५ ने कमी झाला, म्हणजे अख्खी रिम ५ मिलिमीटर बाहेर सरकली. बाहेरची कड १७.७ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड ७.७ मिलिमीटर आत गेली. स्पेसर न घालताच तुमचं चाक पावणेदोन सेंटिमीटर बाहेर आलं! अनेकांना एवढंच हवं असतं, तरी नवी रिम बसवून पाहण्याआधीच स्पेसरचे पैसे दिलेले असतात. म्हणून आधी रिम बसवा, गाडी सपाट जागी उभी करा, मडगार्डच्या कडेला चाकाच्या मध्यावर ओळंबा सोडा आणि दोरीपासून टायरच्या फुगीर बाजूपर्यंतचं अंतर मोजा. मागच्या सीटवर तिघांना बसवून पुन्हा मोजा. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून पाहा. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावता कामा नये. बाहेर आलेला टायर पावसात चिखल आणि उन्हाळ्यात खडी मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडवतो, हे गाडीत बसलेल्याला कधीच दिसत नाही.

खरंच गरज आहे असं ठरलं, तर पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. चाक गाडीला धरून ठेवतो तो हबमधून बाहेर आलेल्या स्टडचा जाडपणा नव्हे, तर नटाने निर्माण केलेला दाब. दोन्ही हातांनी दाबून धरलेली पुस्तकांची चळत जशी नुसत्या दाबावर हवेत राहते, तसं चाक हबवर दाबलेलं असतं आणि त्या दाबातून आलेलं घर्षण गाडीचं वजन आणि ब्रेकचा झटका पेलतं. १२ मिलिमीटरच्या एका स्टडवर नट १०० न्यूटन-मीटरने आवळला, तर तो स्टड साधारण ४ टनांच्या ताणाने खेचला जातो. चार स्टड म्हणजे सोळा टनांच्या आसपास दाब. हा दाब कायम आहे तोवर स्टडला आडवा मार बसत नाही. दाब कमी झाला की चाक हबवर सूक्ष्म सरकू लागतं, प्रत्येक फेरीत स्टड थोडा इकडे थोडा तिकडे वाकतो, आणि असा वाकत राहिलेला स्टड एक दिवस तुटतो. म्हणून स्पेसरच्या निवडीचा आणि बसवण्याचा प्रत्येक नियम शेवटी एकाच गोष्टीसाठी आहे. तो दाब पुरेसा हवा आणि तो टिकायला हवा.

आता आट्यांकडे येऊ. या लेखातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल, तर ही घ्या.

तीन ते दहा मिलिमीटरचे पातळ स्पेसर मूळ स्टडवर नुसते सरकवून बसवतात. त्यांना स्वतःचे स्टड नसतात. म्हणजे स्पेसरची जेवढी जाडी, तेवढी स्टडची लांबी नटाच्या हातातून जाते. मारुतीच्या स्विफ्टला १२ मिलिमीटरचा, १.२५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा स्टड असतो. तिथे ५ मिलिमीटरच्या स्पेसरने बरोबर चार आटे कमी होतात. ह्युंदाईच्या आय२० ला १२ मिलिमीटरचा, पण १.५ अंतराचा स्टड असतो. तिथे त्याच स्पेसरने सव्वातीन आटे जातात. दहा मिलिमीटरचा घातला तर स्विफ्टचे आठ आटे गेले, आणि मग नट कशाला धरणार?

किमान किती आटे हवेत याचा साधा आणि भरवशाचा नियम आहे. स्टड जितका जाड, निदान तितकी लांबी नटात गेली पाहिजे. १२ मिलिमीटरच्या स्टडला १२ मिलिमीटर. १.५ च्या आट्यांवर हे ८ फेरे होतात, १.२५ च्या आट्यांवर साडेनऊच्या वर. युरोपीय गाड्यांत १४ मिलिमीटरचा बोल्ट १.५ आट्यांचा असतो, तिथे सव्वानऊ फेरे. मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही. स्पेसर न घालता नट हाताने लावा आणि पहिला आटा पकडल्यापासून नट बसेपर्यंत किती फेरे झाले ते मोजा. मग स्पेसर घालून तेच करा. दुसरा आकडा किमान मर्यादेच्या खाली आला, तर दोनच मार्ग आहेत: लांब स्टड बसवा, नाहीतर स्पेसर परत करा. ‘आवळून घट्ट बसलाय की, साहेब’ हे उत्तर ऐकू नका. चार आट्यांवरही नट घट्ट बसल्यासारखा वाटतो. फरक पडतो तो घाटात सलग ब्रेक लागून हब तापल्यावर आणि खड्ड्यात चाक आपटल्यावर.

लांब स्टड बसवले तरी एक सावधगिरी हवी. आपल्याकडे बहुतेक अलॉयना बंद टोकाचे नट येतात. स्टड जास्त लांब झाला, तर त्याचं टोक नटाच्या आतल्या टोपीला टेकतं. पाना घट्ट लागतो, तुम्हाला वाटतं काम झालं, पण रिमवर दाब आलेलाच नसतो. म्हणून बंद नटाची आतली खोली मोजून घ्या, किंवा उघड्या टोकाचे नट वापरा.

फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे हबला स्टड नसतात, बोल्ट रिममधून थेट हबमध्ये जातात. म्हणून स्पेसरबरोबर बोल्टही बदलावे लागतात आणि लांबी अगदी नेमकी वाढवावी लागते. १५ मिलिमीटरचा स्पेसर असेल तर बोल्ट १५ मिलिमीटरनेच लांब हवा. आखूड पडला तर आटे कमी, जास्त लांब झाला तर मागे जाऊन ब्रेकच्या ड्रममधल्या भागांना किंवा एबीएसच्या सेन्सरला लागतो. बोल्ट लावल्यावर चाक जमिनीला टेकवण्याआधी हाताने पूर्ण फिरवा आणि काही घासतंय का ते कान देऊन ऐका. मूळ बोल्ट फेकून देऊ नका, पिशवीत घालून डिकीत ठेवा. उद्या स्पेसर काढून चाक लावायची वेळ आली, तर लांब बोल्ट चालणार नाहीत आणि मूळ बोल्ट सापडले नाहीत तर तुम्ही रस्त्यातच अडकाल.

जाड स्पेसर, साधारण २० मिलिमीटरच्या पुढचे, वेगळ्या बनावटीचे असतात. ते मूळ स्टडवर नटांनी आवळायचे आणि मग स्पेसरवरच बसवलेल्या नव्या स्टडवर चाक लावायचं. इथे आट्यांचा प्रश्न मिटतो, पण दोन नवे प्रश्न येतात. मूळ स्टड स्पेसरच्या जाडीपेक्षा लांब असतील, तर त्यांची टोकं बाहेर येतात आणि रिमच्या मागे त्यांना सामावणाऱ्या खोबणी नसतील तर रिम स्पेसरवर सपाट टेकतच नाही. आतले नट स्पेसरच्या पृष्ठभागाच्या वर आले, तरी तेच होतं. म्हणून खरेदीआधी रिमची मागची बाजू पाहा, खोबणी किती खोल आहे ते मोजा. स्टडची टोकं करवतीने कापून देतो असं कुणी म्हणालं, तर तिथून निघा. दुसरा प्रश्न असा की आतल्या नटांचा संच चाक लावल्यावर दिसत नाही. बाहेरून सगळं ठीक दिसेल, आत एखादा नट सैल होत असेल, आणि कळणार कसं? चाक काढल्याशिवाय नाही. वेळोवेळी चाक काढून पाहण्याचं हे बंधन ज्याला पाळायचं नाही त्याने जाड स्पेसरच्या वाटेला जाऊ नये.

आता माप. स्पेसर विकताना ‘चार होल, शंभरचा’ किंवा ‘पाच होल, ११४’ असं सांगतात. स्टडच्या केंद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा हा व्यास. पण एवढ्यावर थांबू नका. स्विफ्ट, आय२० आणि होंडा सिटीची अनेक मॉडेल्स, तिन्ही चार बाय शंभर. पण स्विफ्ट आणि आय२० च्या हबच्या मधल्या उंचवट्याचा व्यास ५४.१ मिलिमीटर आणि सिटीचा ५६.१. सिटीचा स्पेसर स्विफ्टवर स्टडमधून आरामात जाईल, पण मध्ये चहूबाजूंनी एक-एक मिलिमीटर मोकळा राहील. चाक मग फक्त नटांच्या आधारावर मध्यावर येतं आणि नेमकं मध्यावर आलं नाही की ताशी ८० ते १०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग कितीही केलं तरी ती थरथर जात नाही, आणि बिचारा बॅलन्सिंगवाला उगाच बोलणी खातो. स्पेसरचं मधलं छिद्र हबवर घट्ट बसलं पाहिजे आणि स्पेसरलाही बाहेरच्या बाजूने तसाच उंचवटा हवा, ज्यावर रिम बसेल. दुकानात याला हब-सेंट्रिक म्हणतात. याशिवाय दुसरा घेऊ नका. पातळ स्पेसरला असा उंचवटा देता येत नाही. तिथे मूळ हबचाच उंचवटा स्पेसरमधून पुरेसा बाहेर येतो का, ते पाहा. ५ मिलिमीटरला बहुतेक वेळा थोडा उरतो, १० ला उरत नाही.

पाच बाय ११२ आणि पाच बाय ११४.३ यांत फरक इतका थोडा आहे की जोर लावून एकावर दुसरं बसतं. स्टड वाकडे होऊन बसतं, आणि वाकडा स्टड कधी तुटेल हे कुणीच सांगू शकत नाही. ‘बसलं ना’ हा पुरावा मानू नका.

नटाकडेही बघायला हवं. स्विफ्टचा नट आय२० च्या स्टडवर एक-दोन फेरे जातो, मग अडकतो, कारण आट्यांचं अंतर वेगळं. एअर गन लावणाऱ्याला ते अडकणं हाताला जाणवत नाही आणि तो आटे कापत नट आत घुसवतो. दुसरं म्हणजे नट रिममध्ये ज्या जागी बसतो तिचा आकार. बाजारातल्या बहुतेक अलॉयना शंकूच्या आकाराचा नट लागतो, होंडाच्या मूळ रिमना गोलाईचा, टोयोटाच्या अनेक मूळ अलॉयना सपाट वॉशरचा. गोल खाचेत शंकू बसवला तर तो एका बारीक कडेवरच टेकतो. आवळताना पाना घट्ट वाटतो, शंभरेक किलोमीटरनंतर ती कड झिजते आणि दाब नाहीसा होतो. रिम बदलली असेल तर नटही त्या रिमचेच हवेत, गाडीबरोबर आलेले असले तरी.

धातूबद्दल थोडक्यात. स्पेसर ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ जातीच्या ॲल्युमिनियमचा असावा, आणि तो ओतीव नसावा. ओतलेल्या ॲल्युमिनियममध्ये आत पोकळ्या राहू शकतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. स्टडवर मजबुतीचा १०.९ हा आकडा असावा. लेथवर करून घेतलेल्या चकत्या मी कितीही कुशल कारागिराने केल्या तरी घेणार नाही, कारण धातू कोणत्या जातीचा आहे हे त्या कारागिरालाही माहीत नसतं. गाडीची रिम विक्रीला येण्याआधी तिला चाचण्यांतून जावं लागतं. पुण्याच्या एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेत रिमवर वळणाचा ताण फेऱ्यांमागून फेऱ्या देऊन तडा जातो का हे तपासतात. लेथवरच्या चकतीने असलं काहीच पाहिलेलं नसतं. दोन स्पेसर एकावर एक, किंवा स्टडवर वॉशर घालून चाक बाहेर काढणं, हे तर कधीच करू नका. वॉशरवर रिम फक्त चार ठिपक्यांवर टेकते आणि प्रत्येक खड्ड्यात तिचा मधला भाग वाकतो.

बसवताना हबचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. गंजाचा किंवा रंगाचा पापुद्रा मध्ये राहिला, तर तो चार दिवसांत दबतो आणि नट सैल होतो. स्पेसर लावल्यावर तो डुगडुगत नाही ना, बोटाने चारही बाजूंनी दाबून पाहा. नट आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा. मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा आणि शेवटची ओढ टॉर्क रेंचने द्या. टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. बहुतेक लहान-मध्यम गाड्यांत तो ८५ ते १२५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान येतो. जाड स्पेसरच्या आतल्या नटांना स्पेसर बनवणाऱ्याने दिलेला आकडा वापरा. व्हील पान्यावर पाय देऊन उभं राहायची आपल्याकडे सवय आहे. ७० किलोचा माणूस ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर २०० न्यूटन-मीटरच्या वर जोर पडतो. स्टड ताणून लांब होतो आणि त्यानंतर तो दाब धरत नाही. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. तेलकट आट्यांवर तोच टॉर्क स्टडला कितीतरी जास्त खेचतो. टॉर्क रेंच दोन-तीन हजार रुपयांपासून मिळतो, आणि स्पेसर घेणाऱ्याने तो घेतलाच पाहिजे असं मला वाटतं.

कोकणातल्या वाचकांसाठी मुद्दाम: रत्नागिरी, मालवणकडच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात पोलादी हब आणि ॲल्युमिनियमचा स्पेसर एकमेकांना चिकटून बसतात. मग हातोड्याचे घाव घालून काढतात, आणि तो प्रत्येक घाव बेअरिंगवर बसतो. म्हणून हबच्या मधल्या उंचवट्यावर न चिकटू देणाऱ्या पेस्टचा अगदी पातळ हात द्या, स्टडवर मात्र नाही. पावसाळ्याआधी आणि दसऱ्याच्या सुमारास स्पेसर काढून, साफ करून पुन्हा बसवा.

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. जाड स्पेसर असेल तर चाक काढून आतलेही.

सगळं नीट बसवलं तरी गाडी पूर्वीसारखी राहत नाही, हेही मान्य करून चला. चाकावर ४०० किलोचा भार असेल आणि ते २० मिलिमीटर बाहेर गेलं, तर बेअरिंगला वाकवणारा जोर सुमारे ८० न्यूटन-मीटरने बदलतो, आणि खड्ड्यात तो आणखी वाढतो. बेअरिंग लवकर गुणगुणायला लागतं. पुढच्या चाकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. स्टिअरिंगचा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला जिथे टेकतो, ती जागा आणि टायर जिथे टेकतो त्याचा मध्य, यांतलं अंतर अभियंते फार विचार करून ठरवतात. १९७२ च्या ऑडी ८० मध्ये ते असं ठेवलं होतं की एका बाजूचा ब्रेक कमी धरला तरी स्टिअरिंग स्वतःहून गाडी सरळ ठेवायला मदत करेल. पुढे अनेक गाड्यांनी तो विचार घेतला. चाक २० मिलिमीटर बाहेर काढलं की हा हिशेब उलटा होऊ शकतो. आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या घाटात पावसात डावी चाकं साइडपट्टीच्या चिखलात, उजवी डांबरावर, आणि अचानक ब्रेक! नेमकं तेव्हाच स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. म्हणून पुढच्या चाकांना गरजेपेक्षा एक मिलिमीटरही जास्त नको. एकाच ॲक्सलच्या दोन्ही चाकांना जाडी सारखीच हवी.

कायद्याचंही ऐकून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मूळ निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो. बसवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

ज्यांनी आधीच बसवले आहेत, त्यांनी घाबरू नका, पण येत्या रविवारी एक सकाळ यासाठी काढा. गाडी जॅकवर, शक्यतो स्टँडवर घ्या आणि चारही चाकं काढा. आटे मोजा. नटांभोवती काळसर किंवा तांबूस भुकटी दिसते का पाहा. ती चाक सरकत असल्याची खूण आहे. स्पेसरची छिद्रं लांबट झाली आहेत का, स्टडच्या मुळाशी केसाएवढी चीर आहे का, हे बॅटरीच्या उजेडात बघा. वळताना ‘टक’ असा आवाज, नवी थरथर, चाकाकडून गुणगुण, यांतलं काहीही असेल तर गाडी तशी घाटात नेऊ नका. पंक्चरच्या दुकानात चाक काढायच्या आधी तिथल्या मुलाला सांगा की आत स्पेसर आहे, एअर गन वापरू नकोस, आणि शेवटची ओढ तुम्ही स्वतः द्या. गाडी विकताना घेणाऱ्यालाही सांगा, त्याला ते बाहेरून दिसणार नाही.

तपासताना एखादा स्पेसर चिरलेला, वाकलेला किंवा छिद्रं लांबट झालेला निघाला, तर तो गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवू नका आणि कुणाला फुकटही देऊ नका. करवतीने त्याचे दोन तुकडे करा आणि मगच भंगारात टाका, म्हणजे पॉलिश होऊन तो दुसऱ्या कुणाच्या हबवर चढणार नाही.